दोष २००५ मध्येच दिसला होता, मग पाइपलाइन २०१० मध्ये का फुटली?

नदीकाठ

२५ जुलै २०१० च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्शल गावाबाहेर एन्ब्रिज कंपनीची ‘लाइन ६बी’ फुटली. ३० इंची पाइप आणि आत कॅनडाचं डांबरासारखं जड कच्चं तेल, वाहावं म्हणून पातळ केलेलं. साडेसहा फुटांहून लांब चीर गेली. तेल टालमॅज ओढ्यातून कॅलमझू नदीत उतरलं. कंट्रोल रूम कॅनडात, एडमंटनला. तिथे अलार्म वाजत होते. ‘पाइपात पोकळी झाली असेल, दाब भरला की सुरळीत होईल’ असं समजून लाइन दोनदा पुन्हा चालू केली गेली. १७ तासांनी, दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या माणसाने फोन करून सांगितलं की तुमचं तेल इथे ओढ्यात आहे. तोवर ८ लाख ४३ हजार गॅलन गेलं होतं, आणि त्यातलं ८१ टक्के त्या दोन रीस्टार्टमध्ये.

मी कॅलमझूजवळच राहतो. इथे बोलणं निघालं की सगळे त्या १७ तासांवरच येतात. मला त्या आधीच्या पाच वर्षांबद्दल बोलायचं आहे.

फुटलेल्या जागी २००५ च्या तपासणीत भेगेसारख्या सहा खुणा सापडल्या होत्या. सर्वांत लांब खूण ५१.६ इंच, म्हणजे सव्वाचार फुटांहून जास्त. कंपनीने गणित केलं, ‘चालेल’ असा निष्कर्ष काढला आणि जागा खणलीच नाही. तेव्हा नियम होता. नियामक संस्थाही होती, पीएचएमएसए, जिला तिकडे ‘फिम्सा’ म्हणतात. कंपनीकडे फायलीही व्यवस्थित होत्या. पण ‘ही खूण सापडली, मग तुम्ही काय केलंत?’ हे पाच वर्षांत कुणी जाऊन विचारलं नाही.

२०१२ मध्ये राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, चौकशी अहवाल दिला. त्यात कंपनीइतकेच फिम्सावरही ताशेरे आहेत: ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांच्याच हातात जास्त अधिकार देऊन ठेवले. मुलांनीच पेपर काढायचे, मुलांनीच तपासायचे आणि बाईंनी फक्त सही करायची, असा कारभार.

माझं मत स्पष्ट आहे. फुटल्यानंतर केलेला दंड म्हणजे अंमलबजावणी नव्हे. सापडलेला दोष आणि त्याची दुरुस्ती यांच्या मधल्या काळात नियामक हजर असला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? भारतातले अनुभवही लिहा.

सोनचाफा

वाचनखूण साठवली. एक भाबडी शंका: जमिनीखाली गाडलेल्या पाइपातली भेग सापडते कशी? वर तर काहीच दिसत नाही.

खडकवासलेकर

सोनचाफाताई, पाइपाच्या आतून ‘पिग’ सोडतात. माझी उभी नोकरी पाइपलाइनीत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिग म्हणजे पाइपाच्या व्यासाला घट्ट बसणारं यंत्र. तेलाच्या दाबानेच ते पुढे सरकतं. साधा पिग नुसता मेण आणि गाळ खरवडतो. हुशार पिगवर चुंबक किंवा अल्ट्रासाउंडचे सेन्सर असतात. पत्रा कुठे पातळ झालाय, कुठे पोचा आहे, कुठे भेग आहे, याची तो नोंद घेत जातो. तो बाहेर काढला की मिळते ती आकड्यांची रास. ती वाचायला माणूस लागतो आणि खरा घोळ तिथेच होतो.

आता नदीकाठ यांच्याशी थोडा मतभेद. एका मोठ्या लाइनीवर पिग हजारो खुणा दाखवतो. प्रत्येक ठिकाणी जेसीबी लावता येत नाही. शिवाय चालू लाइनवर खणणं हाही धोकाच. म्हणून नियम असा असतो की कंपनीने गणित करावं, क्रम लावावा आणि धोक्याच्या जागा आधी उघडाव्यात. अमेरिकेच्या नियमावलीत लोकवस्ती, पिण्याचं पाणी अशा भागांसाठी ‘ताबडतोब’, ‘६० दिवसांत’, ‘१८० दिवसांत’ असे दुरुस्तीचे गट आहेत. पद्धत चांगली आहे. सरकारी इन्स्पेक्टरला ते गणित कंपनीच्या इंजिनियरपेक्षा जास्त कळतं असं मानायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे पिगही चुकतो. १९ मे २०१५ ला कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ प्लेन्स कंपनीची लाइन फुटली आणि तेल समुद्रात गेलं. दोनच आठवडे आधी पिग फिरला होता. फुटलेल्या जागी त्याच्या हिशेबाने पत्रा ४५ टक्क्यांच्या आसपास झिजला होता. प्रत्यक्षात झीज निघाली ८९ टक्के.

नदीकाठ

खडकवासलेकर काका, गणिताबद्दलच बोलू. मार्शलला त्या पाइपाची नाममात्र जाडी ०.२५ इंच होती. हिशेबात धरली पिगने मोजलेली ०.२८५. पत्रा जाड धरला की भेग कमी धोक्याची दिसते. दुसरं, त्या पाइपावरचं टेपचं कोटिंग सुटलं होतं, खाली गंज होता आणि भेग त्या गंजातच वाढत होती. गंजाचा विचार एका कप्प्यात, भेगेचा दुसऱ्या. दोन्ही एकत्र कुणी मांडलं नाही.

यातला कुठला प्रश्न इन्स्पेक्टरला विचारता आला नसता? ‘हा आकडा कुठून घेतला?’ एवढं विचारायला कंपनीच्या इंजिनियरपेक्षा हुशार असायची गरज नाही.

खडकवासलेकर

हे मान्य. जाडीचा आकडा कुठून आला हा ऑडिटचा पहिला प्रश्न असायला हवा.

अ‍ॅड_रेवा

कायद्याच्या बाजूने लिहिते. इन्स्पेक्टर गेला, त्याने प्रश्न विचारला, नोटीसही काढली, तरी पुढे काय होतं हे आर्कान्साच्या प्रकरणात दिसतं.

२९ मार्च २०१३. मेफ्लॉवर गाव, एक्झॉनमोबिलची ‘पेगासस’ लाइन. पाइप १९४० च्या दशकातला, त्या काळच्या पद्धतीने जोडलेला. अशा पाइपाचा उभा सांधा कच्चा असतो हे या धंद्यात सगळ्यांना माहीत होतं. सांधा उसवला आणि तेल लोकांच्या अंगणात, रस्त्यावर आलं. फिम्साने २०१५ मध्ये २६ लाख डॉलरच्या वर दंड ठोठावला. कंपनी अपिलात गेली. २०१७ मध्ये पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने बहुतेक आरोप रद्द केले. कारण काय, तर नियमात ‘या बाबी विचारात घ्या’ एवढंच लिहिलं होतं. कंपनीने कागदोपत्री त्या विचारात घेतल्या होत्या. निष्कर्ष चुकला असेल, पण प्रक्रिया पाळली होती.

एनटीएसबीनेही मार्शलच्या अहवालात म्हटलं होतं की भेगांची दुरुस्ती नेमकी केव्हा करायची, हे नियम स्पष्ट सांगत नाही. त्यामुळे नुसती ‘अंमलबजावणी कडक करा’ ही मागणी अपुरी आहे. ढिला नियम कितीही कडक हाताने धरला तरी कोर्टात हातातून निसटतो. ‘जाडीच्या इतके टक्के खोल भेग असेल तर इतक्या दिवसांत खणा’ असं लिहिलेलं असेल तर नोटीस टिकते.

टिटवी

हे वाचून माझा संताप झाला. कागदावर ‘विचार केला’ आणि अंगणात तेल!

पावसाळी_सिअ‍ॅटल

आमच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेलिंगहॅम या यादीत हवंच. १० जून १९९९. ऑलिम्पिक कंपनीची १६ इंची लाइन, आत पेट्रोल. सुमारे २ लाख ३७ हजार गॅलन पेट्रोल व्हॉटकम ओढ्यात उतरलं आणि पेटलं. दहा-दहा वर्षांची दोन मुलं आणि मासे पकडायला गेलेला १८ वर्षांचा मुलगा, तिघे गेले.

आता कारणं बघा. १९९४ मध्ये शेजारच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या कामात यंत्राचा फटका पाइपाला बसला होता. नंतरच्या पिग तपासणीत त्या जागी खूण दिसली. कंपनीने तिचं मूल्यमापन चुकीचं केलं आणि जागा खणली नाही. मार्शलच्या अकरा वर्षं आधी हुबेहूब तेच! भरीला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नीट लावून तपासलेला नव्हता, आणि ऐन वेळी कंट्रोल रूमचे संगणक प्रतिसाद देईनात, कारण चालू सिस्टिमवरच डेटाबेसचं काम सुरू होतं.

पण या प्रकरणात एक गोष्ट वेगळी घडली. फौजदारी खटला झाला, कंपन्यांनी गुन्हा कबूल केला आणि काही अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. १९७९ च्या घातक द्रव पाइपलाइन कायद्याखाली कंपनी दोषी ठरायची ती पहिलीच वेळ. गावकऱ्यांच्या पाठपुराव्यातून ‘पाइपलाइन सेफ्टी ट्रस्ट’ उभा राहिला, त्याला दंडाच्या रकमेतून निधी मिळाला, आणि ती संस्था आजही अमेरिकेच्या संसदेसमोर साक्ष देते. २००२ चा सुधारित कायदाही त्यानंतरचाच. शिवाय आमच्या राज्याचे निरीक्षक आता आंतरराज्य लाइनींचीही तपासणी फिम्साच्या वतीने करतात. जवळचा माणूस, ज्याला ओढा कुठून वाहतो हे ठाऊक आहे. मला हा बदल दंडापेक्षा मोठा वाटतो.

बांधावरून

मी नाशिक जिल्ह्यातला शेतकरी. आमच्या वावरातून पेट्रोल-डिझेलची लाइन गेली आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात कंपनीचं नाव आहे. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याप्रमाणे जमीन आमचीच राहते, फक्त वापराचा हक्क जातो. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि पिकाचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात कांदा घ्या, सोयाबीन घ्या, पण झाड नाही, विहीर नाही, घर नाही, शेततळं नाही.

अंमलबजावणी कशी असते ते आम्ही रोज बघतो. लाइनवर चालणारा माणूस येतो. पाठीला पिशवी, हातात जीपीएसचं यंत्र आणि काठी. पावसाळ्यात गुडघाभर चिखलातूनही येतो. शेजाऱ्याने पाइप टाकायला जेसीबी आणला तर तासाभरात कंपनीची जीप हजर. आमच्यावरची अंमलबजावणी पक्की आहे आणि ती असायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. ओढ्याच्या काठाला मातीची धूप होऊन पाइप जवळजवळ उघडा पडला होता. आम्ही सांगितलं. लाइनवाल्याने फोटो काढले, वर पाठवले. पुढचा पावसाळा आला तरी मातीच्या गोण्या पडल्या नाहीत. मग ग्रामसभेचा ठराव करून पाठवला, तेव्हा काम झालं. मी झाड लावलं तर मला लगेच नोटीस. कंपनीने पाइप उघडा ठेवला तर नोटीस कोण देतं?

अ‍ॅड_रेवा

बांधावरून दादा, नेमका प्रश्न. कागदावर उत्तर आहे: पीएनजीआरबी, म्हणजे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ. २००६ च्या कायद्याने आलं. पेट्रोलियम पाइपलाइनींसाठी त्यांचे तांत्रिक व सुरक्षा मानकांचे विनियम २०१६ चे आहेत. मंडळाचा आदेश मोडला तर प्रत्येक उल्लंघनाला १ कोटी रुपयांपर्यंत दंड, आणि उल्लंघन चालूच राहिलं तर रोज १० लाखांपर्यंत आणखी.

दुसरी संस्था ओआयएसडी, म्हणजे तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, १९८६ पासूनची, पेट्रोलियम मंत्रालयाखाली. त्यांचं मानक १४१ हे लांब पल्ल्याच्या द्रव पाइपलाइनींचं. त्यांचे लोक ऑडिट करतात, शिफारशी देतात.

खडकवासलेकर

दोन्हींशी माझा संबंध आला आहे. ओआयएसडीचं ऑडिट म्हणजे खरोखर जाणकार माणसं. पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग सांगणारे. पण त्यांच्या शिफारशीची पूर्तता झाली की नाही, हे बहुतेक वेळा कंपनीच्याच उत्तरावरून ठरतं. पीएनजीआरबीची बरीच तपासणी मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थांकडून होते. त्या संस्थेला नेमते आणि पैसे देते ती कंपनीच. संस्था प्रामाणिक असतात, मी बघितलंय. तरीही पुढचं काम ज्याच्याकडून मिळायचं त्याच्या अहवालात ‘गंभीर’ हा शब्द लिहिताना हात थबकतो. नियामकाने फी गोळा करून स्वतः संस्था नेमली तर यातलं बरंच सुधारेल.

ढोलताशा

आपल्याकडे मोठी डोकेदुखी चोरीची आहे राव. लाइनला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवतात, रात्री टँकर लावतात. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बांधावरून

बोलतो की! आमच्या तालुक्यातही झालंय. रात्री अनोळखी टँकर दिसला की पोरं फोन करतात.

खडकवासलेकर

ढोलताशा, १९६२ च्या त्याच कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने त्या गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आली. आणि चोरी हा निव्वळ मालाचा प्रश्न नाही. १८ जानेवारी २०१९ ला मेक्सिकोत त्लावेलिल्पानला असंच भोक पडलेल्या लाइनीतून पेट्रोलचं कारंजं उडत होतं आणि लोक डबे घेऊन जमले. भडका उडाला. १३० हून जास्त माणसं गेली. सैनिक तिथे होते, पण इतक्या जमावाला हटवू शकले नाहीत.

शिफ्ट_बी

मी रिफायनरीत कंट्रोल रूममध्ये काम करतो. नदीकाठ यांनी ते १७ तास बाजूला ठेवलेत, पण मला त्यावर लिहायचंय, कारण तिथेही अंमलबजावणीचाच मुद्दा आहे.

एन्ब्रिजचा स्वतःचा नियम होता: दहा मिनिटांत अलार्मचा उलगडा झाला नाही तर लाइन बंद. हा नियम १९९१ च्या मिनेसोटातल्या मोठ्या गळतीनंतर आला होता. मार्शलला तो नियम मोडूनच लाइन चालू झाली. आता पॅनेलवर बसलेल्या माणसाच्या बाजूने बघा. दाब नाही, म्हणजे फुटली किंवा पोकळी झाली. पोकळी रोजची, फुटणं आयुष्यात एखाद्या वेळी. शिफ्ट बदलतेय, अ‍ॅनालिस्ट सांगतोय पोकळी आहे, सुपरवायझर माना डोलावतोय. अशा वेळी ‘मी बंद करतो’ म्हणणाऱ्याला वरून पाठिंबा लागतो. लाइन विनाकारण बंद केली म्हणून ज्याला एकदा बोलणी बसली, तो दुसऱ्यांदा बंद करत नाही.

म्हणून इन्स्पेक्टरने फक्त नियमाची वही बघू नये. ‘मागच्या वर्षात दहा मिनिटांचा नियम कितीदा लागू झाला, आणि कितीदा खरंच लाइन थांबली?’ हे लॉगमधून काढावं. लॉग सगळं सांगतो.

नदीकाठ

शिफ्ट_बी, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्या रात्री मार्शलमध्ये वास येतो म्हणून लोकांनी आपत्कालीन नंबरवर फोन केले होते. अग्निशमन दल फिरलं, गॅसचं यंत्र लावून बघितलं, काही सापडलं नाही. तेलाच्या लाइनीचा विचार कुणाच्या मनात आला नाही, आणि एडमंटनला या फोनांचा पत्ता नव्हता. गावाला आपल्या खालून काय वाहतंय हेच नीट माहीत नव्हतं.

हिशेबी

एक विरोधी मत. मार्शलसाठी फिम्साचा दंड ३७ लाख डॉलर, बरोबर? पण नदी साफ करायला कंपनीला १०० कोटी डॉलरहून जास्त खर्च आला. २०१६ च्या समझोत्यात आणखी १७ कोटी ७० लाखांचा बोजा. एवढा फटका बसल्यावर कुठली कंपनी सुधारणार नाही? इन्स्पेक्टरांची फौज कशाला?

पावसाळी_सिअ‍ॅटल

हिशेबी, मार्शलला तेल नदीत गेलं म्हणून खर्च दिसला. जड तेल तळाशी बसलं, गाळ उपसावा लागला, सुमारे ५६ किलोमीटर नदी लोकांना दीर्घकाळ बंद होती. पण फटक्याने सगळेच शिकत असते तर बेलिंगहॅमनंतर मार्शल झालंच नसतं. फटका एका कंपनीला बसतो, शहाणपण बाकीच्यांना आपोआप येत नाही. आणि त्या तीन मुलांचा हिशेब कुठल्या रकान्यात लिहायचा?

टिटवी

+१०००

अ‍ॅड_रेवा

हिशेबी, आणखी एक. तेव्हाच्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादाच एका उल्लंघनाला दिवसाला १ लाख डॉलर आणि एकाच प्रकारच्या उल्लंघनांच्या मालिकेला १० लाख होती. मार्शलनंतरच्या कायद्याने ती दुप्पट केली. अब्जावधींची उलाढाल असलेल्या कंपनीला ही रक्कम जाणवतही नाही. दंडापेक्षा धाक असतो तो ‘दुरुस्ती होईपर्यंत दाब कमी ठेवा’ किंवा ‘लाइन बंद ठेवा’ या आदेशाचा. असा आदेश फिम्सा देऊ शकते, आणि तो कंपनीला खरोखर बोचतो.

नदीकाठ

मूळ प्रश्नाकडे येतो. एनटीएसबीच्या अहवालातला एक तपशील डोक्यातून जात नाही. गळती झाली तर काय करायचं याच्या कंपन्यांनी दिलेल्या सुमारे ४५० योजना तपासायला फिम्साकडे पूर्ण वेळाची दीड माणसं होती. दीड! त्यात किती बारकाईने वाचलं जाणार? फौज कुणी मागत नाहीये, हिशेबी. पण वाचायला माणूस तर हवा.

एक गोष्ट मात्र तिकडे चांगली आहे. फिम्साने कुठल्या कंपनीला कुठल्या कलमाखाली नोटीस दिली, कंपनीने काय उत्तर दिलं, हे त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. मी स्वतः वाचत बसतो.

बांधावरून

आम्हाला आमच्या ओढ्यापुरतं तरी वाचायला मिळेल का? माहिती अधिकारात?

अ‍ॅड_रेवा

मिळू शकतं. पीएनजीआरबी, ओआयएसडी आणि सरकारी तेल कंपन्या सगळ्या माहिती अधिकाराखाली येतात. खाजगी कंपनी असेल तर कलम २(च) प्रमाणे नियामकाला तिच्याकडून जी माहिती कायद्याने मिळू शकते, ती नियामकाकडे मागता येते. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सुरक्षेचं कारण’ किंवा ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार येण्याची शक्यता आहे, म्हणून नकाशे आणि व्हॉल्व्हच्या जागा मागू नका. प्रश्न नेमका ठेवा.

खडकवासलेकर

मजकूर मी सुचवतो, रेवाताईंनी कायद्याच्या भाषेत बसवावा.

‘आमच्या गावाच्या हद्दीतल्या लांबीत मागच्या पिग तपासणीची तारीख. तिच्यात दुरुस्तीयोग्य ठरलेल्या खुणांची संख्या. त्यांपैकी खणून पाहिलेल्या किती, दुरुस्त किती, शिल्लक किती. शिल्लक असतील तर दुरुस्तीची मुदत. ओढ्यावरच्या पाइपावर मातीचं आवरण किती, ते शेवटचं केव्हा मोजलं.’

यात कुठलंही गुपित नाही. कुठल्याही नीट चालवलेल्या लाइनीच्या ऑफिसात हा तक्ता तयार असतो.

बांधावरून

उतरवून घेतलं. सोमवारी तलाठी ऑफिसात जायचंच आहे, गट नंबर बघून अर्जात टाकतो. शेजारच्या दोन गावांतूनही लाइन जाते, त्यांच्या सरपंचांनाही देतो.

सोनचाफा

दादा, उत्तर आलं की इथेच टाका. आणि कुणाच्या वावरात खोदकाम निघालं तर ‘कॉल बिफोर यू डिग’ हे सरकारी अ‍ॅप २०२३ पासून आहे, जेसीबीवाल्यांना त्याबद्दल सांगायला विसरू नका.